देवकाचा रकाना

बनशंकरी, बेंगळुरू
३ फेब्रुवारी २०२५

ती. इंदिराआत्या,

मी भव्या. तुमच्या मधल्या भावाची धाकटी मुलगी. तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही, आणि त्याबद्दल मी तुमच्यावरसुद्धा स्वल्प चिडलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. रम्याअक्काच्या बारशाला तिच्या कानात नाव तुम्ही सांगितलंत. माझ्या बारशाला आत्याच नव्हती, म्हणून शेजारच्या सोयराबाईंना बोलावलं. त्यांना कमी ऐकू यायचं. त्या माझ्या कानात एवढ्या ओरडल्या की मी तासभर रडत होते, असं आई सांगते. आणि तुम्ही कुठे होतात? होसकोट्याला! पस्तीस किलोमीटरवर! लोक अमेरिकेहून बारशाला येतात.

फोन केला तर तुम्ही उचलत नाही. आमच्या घरचा कुठलाच नंबर उचलत नाही, असं आई म्हणाली. म्हणून हा कागद. पत्ता तिनंच दिला. चोवीस वर्षं तो तिच्या डब्यात होता आणि आम्हां दोघींना पत्ता नाही! माझी शाळा कन्नडची, मराठी फक्त घरातलं, तेव्हा चुका सापडतील त्या सोडून द्या.

विषय असा. अक्काचं लग्न मोडायला आलं आहे, आणि कारण तेच आहे, तुमच्या वेळचं.

मुलाचं नाव अभिराज. आपल्यातलाच, जयनगरला राहतो. मंडळाच्या संक्रांतीच्या मेळाव्यात दोघांची ओळख झाली आणि गेलं वर्षभर दोघं एकमेकांना ओळखतात. ९ मार्चला साखरपुडा ठरला होता. साड्या आणायला आम्ही चिकपेटला जाऊनही आलो. मग तुमचे थोरले भाऊ, जयसिंगकाका, घरी आले. ते आता वधूवर मंडळाचे अध्यक्ष आहेत. हातात फोन, फोनवर मंडळाची फाईल. "मुलीचं देवक कळंब, मुलाचंही कळंब," म्हणाले. "एक देवक म्हणजे भाऊबहीण. हे लग्न मंडळ लावू शकत नाही. मी नाही म्हणत, कॉम्प्युटर म्हणतो."

 आईच्या हातातली चहाची बशी टेबलावर आपटली. "या घरात दुसरी इंदिरा करू नका," ती म्हणाली. आईला काकांसमोर आवाज चढवताना मी पहिल्यांदा पाहिलं. काकांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. बाबांनी पेपरची घडी घातली आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. बाबा बिचारे कोणाच्या अध्यातमध्यात नसतात.

रात्री आईनं थोडंसं सांगितलं. प्रवीणकुमार नावाचे कोणी होते, तुमचं ठरत आलं होतं, मग 'देवक एक निघालं', आणि आठवड्याभरात तुम्ही घर सोडलंत. पुढचं विचारलं तर डोळ्याला पदर.

२३ फेब्रुवारीला मंडळाची बैठक आहे. तिथे काय तो शेवटचा निर्णय. अभिराजचे वडील जितेंद्रराव फार सरळ माणूस, पण मंडळाच्या शिक्क्याशिवाय पाऊल उचलणार नाहीत. शिक्का मिळाला नाही तर अक्काचं लग्न संपलं. ती आत्ता आतल्या खोलीत ऑफिसचं काम करते आहे आणि मध्येच टायपिंगचा आवाज थांबतो. मला ते सहन होत नाही.

तुमच्या वेळी नक्की काय झालं, तेवढं मला कळवा. उपकार होतील असं लिहिणार होते, पण उपकार कसले? अक्काच्या कानात नाव तुम्ही सांगितलंय, तुमचं कामच आहे हे.

तुमची (अजून ठरायचं आहे)
भव्या


१२ फेब्रुवारी

ती. आत्या,

उत्तर नाही. ठीक आहे. पत्र परत आलं नाही म्हणजे पोचलं.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली. 'मंडळाची फाईल' असं लिहिलं. ती फाईल माझी आहे. मी केलेली.

मी बी.कॉम.ला आहे, दुसऱ्या वर्षाला. बिझनेस अ‍ॅनालिटिक्स. म्हणजे धंद्याची माहिती गोळा करायची, नीट मांडायची, आणि मग तिला प्रश्न विचारायचे. मागच्या सेमिस्टरला स्प्रेडशीट होतं, या सेमिस्टरला डेटाबेस. स्प्रेडशीटच्या प्रोजेक्टला खरी संस्था घ्यायची होती. वर्गातल्या सगळ्यांनी जिम घेतल्या, कॉफीची दुकानं घेतली. मी म्हटलं, आपलं मंडळ घेऊ. सहा जाडजूड वह्या, पन्नास वर्षांच्या नोंदी, दोन हजारांवर मुलं-मुली. सगळ्या पानांचे फोटो काढले आणि दसऱ्याच्या सुट्टीत बसून सगळं टाइप केलं. नाव, जन्म, कूळ, देवक, गाव, शिक्षण. पाठ मोडली माझी.

देवकाच्या रकान्यात वह्यांमध्ये कुठे झाडाचं नाव होतं, कुठे दोन आडव्या काड्या, म्हणजे 'वरचंच', आणि कुठे काहीच नव्हतं. मला वाटलं, लिहिणाऱ्यानं कंटाळून काड्या मारायच्या सोडल्या. म्हणून मी काय केलं, सगळ्या रिकाम्या चौकटी निवडल्या आणि वरच्या चौकटीतलं नाव खाली ओढलं. हे शीटमध्ये एका सेकंदात होतं. सहाशे अकरा चौकटी भरल्या. रकाना इतका छान दिसायला लागला, आत्या! एक भोक नाही. सरांनी पन्नासपैकी अठ्ठेचाळीस दिले. मंडळानं शाल-नारळ दिला. काकांनी भाषण केलं, "आपण इकडे येऊन राहिलो त्याला साडेतीनशे वर्षं झाली, आमच्या भव्यानं ती एका फाईलमध्ये आणली."

आता ऐका. गेल्या गुरुवारी डेटाबेसच्या तासाला कृष्णमूर्ती सर 'नल' शिकवत होते. जी माहिती आपल्याला ठाऊक नाही तिच्या जागी डेटाबेस नल ठेवतो. शून्य नव्हे, रिकामा शब्द नव्हे. ठाऊक नाही, एवढंच. सरांनी विचारलं, "दोन नल सारखे का?" आम्ही सगळे एका सुरात, "येस सर." सर म्हणाले, "ध्रुवचा रक्तगट मला माहीत नाही. भव्याचाही माहीत नाही. मग दोघांचा रक्तगट एक झाला का? उद्या हिला ध्रुवचं रक्त चढवू का?" वर्ग हसला. सर फळ्यावर हात आपटून म्हणाले, "गोत्तिल्ला अंद्रे गोत्तिल्ला!" ठाऊक नाही म्हणजे ठाऊक नाही.

 पुढचं काही ऐकलंच नाही मी.

घरी येऊन वहीचे फोटो उघडले. जितेंद्ररावांच्या घराण्याची ओळ. देवकाची जागा मोकळी. काडी नाही, काही नाही. त्यांच्या वरच्या ओळीत दुसऱ्याच कोणाचं तरी घराणं, देवक कळंब. ते कळंब मी बोटानं खाली ओढलं, आत्या. अक्काच्या लग्नावर कॉम्प्युटरनं काट मारलेली नाही, मी मारली आहे. मीच ती शहाणी.

आणि एवढ्यावर थांबत नाही. जितेंद्ररावांच्या घरात कोणालाच आपलं देवक आठवत नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या इकडे राहून विसरले. लग्नात मांडवाला आंब्याची पानं बांधायची आणि वेळ मारून न्यायची. फाईलमध्ये 'कळंब' दिसल्यावर त्यांना आनंदानं काय करू नि काय नको झालं. लालबागेच्या नर्सरीतून कळंबाचं रोप आणलं, दारापुढे ड्रममध्ये लावलं, त्याला हळदकुंकू वाहिलं. साडेतीनशे वर्षांनी आपलं झाड सापडलं म्हणून म्हातारी आजी रडली म्हणे. ही गोष्ट अभिराज अक्काला सांगत होता आणि मी समोर बसून चिवडा खात होते. आमचंही कळंबच आणि एक देवक लग्नाला आड येतं, हे तेव्हा आम्हां तिघांच्याही डोक्यात आलं नाही.

मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हांला सांगते आहे, कारण तुम्ही उत्तर देत नाही.

भव्या


१८ फेब्रुवारी

आत्या,

आज मी इतकी तापलेली आहे की पेन कागदातून आरपार जातंय.

शनिवारी काकांकडे गेले. सगळं कबूल केलं. वाटलं होतं ओरडतील. ओरडले नाहीत. हसले! पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बाळ, एवढंच ना? मुलाच्या नावापुढे मोरवेल लिही. देवक वेगळं झालं, लग्न झालं. जितेंद्ररावला सांगू, टायपिंगची चूक होती. बैठकीत बोलायची गरज नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

तुम्हांला खोटं कशाला सांगू? मी घरी आले आणि लिहिलं. 'मोरवेल'. टाइप केलं आणि एंटर मारलं. अक्काचं लग्न वाचलं, साडेसात सेकंदांत. पाच मिनिटं मी फार सुखात होते. मग डोक्यात आलं की आजी आता कळंबाचं रोप उपटून मोरवेल लावेल. आणि चाळीस वर्षांनी अभिराजच्या नातीचं कुठे जमलं, आणि त्या मुलाचं खरोखर मोरवेल निघालं, तर कोणीतरी म्हणेल, कॉम्प्युटर म्हणतो. मी ते पुसलं. अक्काला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं मला मारलं असतं, आणि बरोबर केलं असतं.

पण डोक्यातून एक जाईना. काकांना हे इतकं पटकन कसं सुचलं? माणसाला पहिल्यांदा खोटं सुचायला वेळ लागतो. यांच्या तोंडात ते तयार होतं.

म्हणून मी २००१ सालचं पान काढलं.

तुमची ओळ आहे. 'इंदिरा, कळंब.' काळी शाई, तेव्हा वही लिहिणाऱ्या खंडोजीमामांचं अक्षर. त्याच पानावर आठ ओळी खाली प्रवीणकुमार. नाव काळ्या शाईत, गाव काळ्या शाईत, शिक्षण काळ्या शाईत. देवक मात्र निळ्या बॉलपेननं. 'कळंब'. वरच्या ओळीत रुई, खालच्या ओळीत वड. म्हणजे वरून ओढलेलं नाही, शोधून लिहिलेलं आहे. आणि तो 'ळ' कानडी वळणाचा, पोटात गोल. दर पाडव्याला काकांच्या पाकिटावर 'कल्याण असो, बाळ' लिहिलेलं असतं. तोच ळ.

दसऱ्याला हे पान मी स्वतः टाइप केलं होतं. निळी शाई डोळ्यांसमोर होती. दिसली, कळली नाही.

काल कॉलेज बुडवून चिकपेटला गेले. खंडोजीमामा ब्याऐंशी वर्षांचे आहेत, मुलाच्या कुलूप-बिजागऱ्यांच्या दुकानात स्टुलावर बसलेले असतात. वीस वर्षं मंडळाच्या वह्या त्यांनी लिहिल्या. फोनवर फोटो मोठा करून त्यांच्यापुढे धरला. 

"मामा, काडी म्हणजे काय?"

"वरचंच."

"आणि मोकळं?"

"मोकळं म्हणजे त्या माणसाला ठाऊक नाही. मी प्रत्येकाला दोनदा विचारायचो. सांगता येत नसेल तर मोकळं सोडायचो. उगाच भरू नये."

"मग हे निळं कोणी भरलं?"

त्यांनी दुकानातल्या माणसाला चहा सांगितला. "दुसऱ्या दिवशी वही उघडली तर भरलेलं होतं," ते म्हणाले. "जयसिंगराव तेव्हा चिटणीस. किल्ली त्यांच्याकडे आणि माझ्याकडे."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"तुमच्या घरातली गोष्ट होती, मुली. मी काय बोलणार?"

चहा मी तसाच ठेवून आले. आईनं शिकवलंय की म्हाताऱ्या माणसाचा चहा नाकारू नये. मी नाकारला.

सगळ्यांना ठाऊक! ज्याला त्याला ठाऊक, आणि जो तो म्हणतो ही दुसऱ्याच्या घरातली गोष्ट! एका मुलीनं घर सोडलं आणि यांचा चहा चालू. माझी चूक मला झोपू देत नाही आणि हे चोवीस वर्षं ढाराढूर!

घरी येऊन बाबांना एवढंच विचारलं की आत्याच्या वेळी काय झालं होतं? "जुन्या गोष्टी कशाला उकरतेस," म्हणाले, आणि मला पाणी आणून दिलं. बाबांना मी जास्त ताणत नाही. त्यांना बीपी आहे.

रविवारी मी बैठकीत उभी राहणार आहे. दोन्ही पानं दाखवणार. माझं आणि काकांचं. यात अक्काचं लग्न मोडूही शकतं, कारण जितेंद्ररावांच्या हातून मी त्यांचं झाड काढून घेणार आहे आणि सगळ्या समाजासमोर आमच्या घराची लाज जाणार आहे. अक्काला आज सकाळी सगळं सांगितलं. मोरवेलसकट. ती म्हणाली, "भव्या, मला खोट्या झाडाखाली उभं राहून लग्न करायचं नाही. पण तू जिवंत परत ये."

तुम्ही याल का बैठकीला? मी विचारते आहे, आग्रह करत नाही. खरं तर करते आहे.

भव्या


२४ फेब्रुवारी

आत्या,

तुम्ही आला नाहीत. मी दाराकडे अकरा वेळा पाहिलं.

बैठक अकराला होती, साडेअकराला सुरू झाली. चाळीसेक माणसं, उप्पीट आणि केसरीभात. मंडळाच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर आहे, भिंत पिवळी आहे. मी आधी माझी चूक दाखवली. रिकामी चौकट, वरचं नाव, बोट, खाली ओढलेलं नाव. मागच्या रांगेतल्या गोदूबाईंनासुद्धा कळावं म्हणून तीनदा करून दाखवलं. "म्हणजे आमचं देवकही असंच ओढलेलं?" कोणीतरी ओरडलं. मी म्हटलं, सहाशे अकरा नावं अशी आहेत, यादी दारात लावली आहे. मग जो गोंधळ! अर्धा हॉल दाराकडे धावला.

जितेंद्रराव जागचे हलले नाहीत. "म्हणजे कळंब आमचं नव्हे?" त्यांनी विचारलं.

"ठाऊक नाही, काका. असेलही. नसेलही. वहीत काही नाही."

"माझ्या आईनं त्या झाडाला रोज पाणी घातलंय, मुली."

मी हात जोडले. माफ करा म्हटलं. 

जयसिंगकाका उठले. "पोरगी आहे, चुकली, कबूल केलं, विषय संपला," म्हणाले. तेव्हा मी दुसरं पान लावलं. सगळी भिंत काळ्या अक्षरांनी भरली आणि मधोमध एक निळा शब्द. मी नाव घेतलं नाही. फक्त विचारलं, "ही शाई कोणाची?"

 शेवटी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. खंडोजीमामा मुलाच्या खांद्याला धरून उभे राहिले. "माझी नव्हे," म्हणाले, आणि खाली बसले. दोन शब्द. चोवीस वर्षांपूर्वी म्हटले असते तर! वरातीमागून घोडं. पण घोडं आलं, एवढं मी मान्य करते.

काका आधी लाल झाले, मग पांढरे. मला वाटलं नाकबूल करतील. नाही केलं. "हो, मी लिहिलं," म्हणाले. "तो मुलगा भाड्याच्या खोलीत राहायचा, नोकरी आज आहे उद्या नाही. बहिणीला विहिरीत ढकलू? तिच्या भल्यासाठी केलं. आणि काय गं भव्या, तूही तेच केलंस. जागा मोकळी होती, तू भरलीस, मीही भरली. तुझी ती चूक आणि माझं ते पाप होय?"

आणि आत्या, मला उत्तर सुचलं नाही. चाळीस माणसांसमोर मी तोंड उघडून उभी राहिले. उत्तर घरी येताना मेट्रोत सुचलं, बनशंकरी यायच्या आधी. 'मला ठाऊक नव्हतं की मोकळं म्हणजे ठाऊक नाही. काका, तुम्हांला ते ठाऊक होतं.' हे मी काकांना लिहून पाठवलं आहे. त्यांनी वाचलं, दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. तुम्ही भावंडं उत्तर न देण्यात एकासारखी एक आहात.

हॉलमध्ये बोलली ती अक्का. "मोकळं असेल तर मोकळंच ठेवा," म्हणाली. "लग्न मला करायचंय. अभिराजचं देवक कोणतं ते मला ठाऊक नाही, त्याला ठाऊक नाही, त्याच्या आजीला ठाऊक नाही. मग आम्ही भाऊबहीण आहोत हे तुम्हांला कुठून ठाऊक?"

 जितेंद्ररावांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "सरी, ठीक आहे," म्हणाले. "गोत्तिल्ला तर गोत्तिल्ला. मंडळानं शिक्का दिला नाही तरी साखरपुडा ९ तारखेलाच. झाड मात्र मी उपटणार नाही, आधीच सांगतो."

शिक्का दिला मंडळानं. द्यावाच लागला. काकांनी राजीनामा दिलेला नाही, देणारही नाहीत, खुर्चीला गोंद लावलेला आहे. सहाशे अकरा नावांसमोर मी आता 'ठाऊक नाही' घालते आहे, आणि ज्यांना आठवतंय त्यांना फोन करून विचारते आहे. प्रवीणकुमारांची चौकटही मोकळी केली. शेजारी एक नवा रकाना आहे, कोणी भरलं आणि केव्हा. त्यात माझं नाव सहाशे अकरा वेळा येतं आणि जयसिंगकाकांचं एकदा. हे सगळं कृष्णमूर्ती सरांना दाखवलं. मागच्या सेमिस्टरचे अठ्ठेचाळीस मार्क परत घ्या म्हटलं. "मीही पाहिलं नाही," ते म्हणाले. "माझे किती कापू?"

अक्काचं लग्न ठरलं, आत्या. तुमचं का मोडलं तेही कळलं. तुम्हांला फसवलं गेलं होतं आणि हे तुम्हांला सांगणारी मी पहिली आहे, याचा मला स्वल्प गर्वही आहे. आता तरी या. तुमचं भांडण काकांशी होतं, आमच्याशी नव्हतं. ९ मार्चला सकाळी दहा वाजता.

तुमची
भव्या


४ मार्च

इंदिराआत्या,

तुझं कार्ड काल आलं. पोस्टकार्डच का लिहिलंस? पोस्टमननं वाचलं, खालच्या इस्त्रीवाल्यानं वाचलं, आईनं वाचलं, मग मी वाचलं. कदाचित म्हणूनच लिहिलं असशील.

मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. तरी पुन्हा इथे उतरते, म्हणजे तुला कळेल मी एक अक्षर सोडलं नाही.

'भव्या, चारही पत्रं पोचली. मला तुम्ही म्हणू नकोस, मी मास्तरीण नाही. शाई अण्णाची आहे हे मी त्याच दिवशी ओळखलं होतं. अण्णावर माझा राग नव्हता. त्याच्याकडून मला दुसरी अपेक्षाच नव्हती. ती वही घरी आणून, पान उघडून माझ्यापुढे धरली ती तुझ्या बाबानं. मी त्याला विचारलं, हे खरं आहे का? तो म्हणाला, लिहिलंय ना. इंदिरा.'

चार पत्रांत मी बाबांना बिचारे म्हटलं, बीपी म्हटलं, पाण्याचा पेला म्हटलं. तू ते वाचत बसलीस. तुला कसं वाटलं असेल, या विचारानं मला लाज वाटते आणि रागही येतो, आणि कोणाचा ते सांगता येत नाही.

आज सकाळी बाबा इडली खात होते. कार्ड त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. चष्मा लावून त्यांनी ते वाचलं, मग उलटून पत्ता वाचला, मग पुन्हा वाचलं. आई गॅस बंद करून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"काकांचं अक्षर ओळखलं होतंत?" मी विचारलं.

"हो."

"मग?"

"अण्णा मोठे होते," ते म्हणाले. मग म्हणाले, "दोन वर्षांनी मोठा होतो मी तिच्याहून. शाळेत हात धरून न्यायचो." 

मी खूप बोलले. सगळं लिहीत नाही. बाबांशी मी आयुष्यात कधी असं बोललेली नाही. गप्प बसणारा माणूस भला असतो असं मला कोणी शिकवलं, असं विचारलं. आई मध्ये पडली नाही. तिलाही हे चोवीस वर्षं विचारायचं होतं, असं वाटलं.

माझं बोलणं संपल्यावर त्यांनी हात धुतले, शर्ट बदलला, चपला घातल्या. दारात उभे राहून मला विचारलं, "होसकोट्याची बस कुठून सुटते?"

चोवीस वर्षं! ज्या माणसाला या शहरातल्या प्रत्येक बसचा नंबर पाठ आहे, त्याला होसकोट्याची बस ठाऊक नाही! माझ्या तोंडावर आलं होतं की शोधा तुमचे तुम्ही. पण मेट्रोनं मॅजेस्टिक, तिथे गाडी बदलून के.आर. पुरम, मग बस, असं कागदावर लिहून दिलं. कागद त्यांनी खिशात ठेवला आणि शर्टावरून दोनदा चाचपला. मी सोबत येते म्हटलं नाही. आईही म्हणाली नाही.

हे पत्र तुला उशिरा मिळेल, तोवर ते तुझ्या दारात येऊन गेलेले असतील. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. मी तुला काहीच सुचवत नाही. फक्त एवढं सांगते की तिथे आल्यावर काय बोलायचं ते मी त्यांना शिकवलेलं नाही. त्यांनी जिन्यात थांबून विचारलं होतं, "तिला काय सांगू?"

मी म्हटलं, जे तेव्हा सांगायला हवं होतं ते.

तुझी
भव्या